दुपारी दादा येऊन गेला

दादा आला तेव्हा मी कॉटवर भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. हातात ताकाचा पेला होता आणि तो तोंडापर्यंत न्यायचा होता, एवढंच काम. पण ते होत नव्हतं. पेला काही जड नव्हता. हात मांडीवरून उचलायचा म्हटलं की दम लागत होता, आणि दम खाईपर्यंत हात कशासाठी उचलायचा होता तेच मी विसरत होतो.

"अजून बसूनच?" दारातून आवाज आला.

मलूदादा दारात उभा होता. माझा थोरला भाऊ. तो उभा राहिला की दार भरून जायचं. आमच्या घरात सगळेच तसे अंगानं. बाहेर चैत्रातलं ऊन रखरखत होतं आणि दादाच्या अंगात तपकिरी स्वेटर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच नवल वाटत नव्हतं.

"ये की," मी म्हणालो. "पाणी घे. महानंदाला हाक मारतो."

"नको उठवू तिला. आत्ता कुठं पडलीय बिचारी." दादा कॉटच्या कडेला टेकला. "भूक लागती का रं तुला?"

"नाही."

"मलाबी नाही लागत आता."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

याला आता बारा वर्षं झाली. आमचं घर बार्शीत, धंदा आचाऱ्याचा. लग्न असो, वास्तुशांत असो, गावजेवण असो, कढई आमची असायची. माझं वजन इतकं वाढलं होतं की भट्टीसमोर उभं राहिलो तर गुडघे बोलायला लागायचे, आणि झोपेत श्वास मध्येच अडकायचा. महानंदा, माझी बायको, रात्ररात्र माझ्या छातीवर हात ठेवून जागी राहायची. तिला एवढी धास्ती का बसली होती त्याला कारण होतं, ते पुढं येईल. तिनंच हट्ट धरला आणि पुण्याला नेऊन माझं वजन कमी करायचं ऑपरेशन करवलं. पोटाची पिशवी कापून अगदी लहान केली.

थकवा येणार हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पोटात घास-दोन घास जाणार, तर अंगात जोर कुठून यायचा? सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर बसून अंघोळ करायचो. शर्टाची बटणं लावताना मध्ये थांबायचो. महानंदा मुगाचं पाणी वाटीत घेऊन बसायची आणि चमच्या-चमच्यानं पाजायची. संध्याकाळी तिच्या खांद्यावर हात टाकून अंगणातल्या पेरूपर्यंत जायचं आणि परत यायचं. बघायला येणारा जो तो म्हणायचा, "जरा दम धर बसवराज, महिना-दोन महिन्यांत घोड्यासारखा पळशील." पँट कमरेवर राहीना तेव्हा तर मला मनातून गुदगुल्याच झाल्या होत्या.

मग उलट्या सुरू झाल्या. आधी नुसत्या डाळीच्या पाण्याच्या, नंतर साध्या पाण्याच्याही. दवाखान्यानं दिलेली पावडर पोटात राहीना, गोळ्या राहीनात. महानंदानं पुण्याला फोन लावला. त्यांनी दाखवायला घेऊन या म्हणून सांगितलं. पण बार्शीहून पुण्यापर्यंत बसून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"जरा ताकद आली की जाऊ," मी म्हणायचो.

ताकद यावी म्हणून जायचं होतं आणि जायला ताकद हवी होती. असे दिवस गेले.

पुढं पुढं मला एकाचे दोन दिसायला लागले. दारात महानंदा उभी असली तर तिच्याशेजारी आणखी एक महानंदा. मी एक डोळा मिटून बघायचो. चालताना पाय फाकवून टाकायचो, नुकत्या उभ्या राहिलेल्या पोरासारखा, आणि भिंत सोडली की तोल जायचा. महानंदा घाबरली. पण जो येईल तो म्हणे, अशक्तपणा आहे. त्या एका शब्दात सगळं मावत होतं. डोळे? अशक्तपणानं. चालणं? अशक्तपणानं. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही? अहो, पोटात काही नाही तर डोक्यात काय राहणार!

दादा आला त्याच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. माणूस भला, हाकेसरशी आला. नाडी बघून म्हणाला, "पार सुकलेत हो. ग्लुकोजचं सलाईन लावतो. दोन बाटल्या गेल्या की तरतरी येईल." बाटली खिळ्याला टांगली. दोन्ही बाटल्या अंगात गेल्या. रात्रभर मी बडबडत होतो म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती दुसऱ्या दिवशीची दुपार, दादा आला ती.

"कढई चढवलीय," दादा म्हणाला. "वऱ्हाड येऊन बसंल. बुंदी कोण पाडणार?"

"नागनाथ पाडेल की."

नागनाथ माझा मेहुणा, महानंदाचा धाकटा भाऊ. मी अंथरुणावर पडल्यापासून धंदा तोच रेटत होता.

"नागनाथ!" दादा हसला. "त्याच्या बुंदीनं लगोरी खेळावी माणसानं. उठ. पाक कुणासाठी थांबत नसतो, बस्या."

बस्या मला दादाशिवाय कुणी म्हणत नसे. मी उठलो. इतके दिवस ताकाचा पेला उचलवत नव्हता, तो मी धरायला कुणी नसताना उठलो. दादानं हात दिला नाही. तो पुढं चालू लागला आणि मी भिंतीला घासत त्याच्या मागं.

अंगणात उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. पेरूची दोन झाडं दिसत होती, खरं कुठलं ते कळत नव्हतं. दादा दोन नव्हते. तो एकच होता, नीट, स्वच्छ. म्हणून मी त्याच्या पाठीकडं बघत चाललो. मध्ये एकदा पडलो, तळहात खरचटले. दादा थांबला, पण मागं वळला नाही.

अंगणाच्या टोकाला आमची पत्र्याची शेड. मोठी भांडी, भट्ट्या, गॅसच्या टाक्या सगळं तिथंच. आत गरम झालेल्या पत्र्याचा आणि जुन्या तुपाचा वास. भट्टीवर कढई होतीच. दादा तिच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

"खोल टाकी," तो म्हणाला.

मी टाकी खोलली. भट्टीची चावी पूर्ण फिरवली. फुस्स करून आवाज सुरू झाला.

"काड्यापेटी?"

"फळीवर बघ."

फळीवर दोन काड्यापेट्या होत्या. मी एक उचलायला गेलो तर हातात काहीच आलं नाही. पुन्हा हात घातला. पुन्हा रिकामा. गॅसचा वास नाकात भरत होता, डोकं जड होत होतं, आणि मी त्या खोट्या पेटीवर पुन्हापुन्हा पंजा मारत होतो.

"ती न्हवं," दादा शांतपणे म्हणाला. "शेजारची."

शेजारची हाताला लागली. मी काडी काढली. काडी पेटीच्या कडेला टेकवायची तर कडा दोन दिसायच्या. मी एक डोळा मिटला.

"अहो!"

तसली किंकाळी मी महानंदाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पाठीमागून तिनं हातावर असा फटका मारला की पेटी उडून काड्या सगळीकडं पसरल्या. तिनं टाकी बंद केली, माझ्या काखेत हात घालून मला बाहेर ओढलं आणि पेरूखाली आणून अक्षरशः टाकलं. पदर नाकाला लावून धापा टाकत होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला तिकडं जायला?"

"दादानं."

"कोण दादा?"

"कोण म्हणजे? आपला मलूदादा. आत उभाय बघ."

महानंदानं लगेच शेडकडं बघितलं नाही. आधी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच मान वळवून बघितलं. तिथं कोण असणार? शेडचं दार उघडं होतं आणि आतून गॅसचा वास येत होता.

"अहो," ती माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "थोरल्या भावजींना जाऊन सहा वर्षं झाली."

मी ऐकलं. शब्द सगळे कळले. पण ते कुणाबद्दल बोलतेय ते कळलं नाही.

"मग आत्ता माझ्याशी कोण बोललं?"

ती उठली आणि तिनं नागनाथला फोन लावला.

त्या दुपारच्या सहा वर्षं आधी मार्गशीर्षात, याच शेडमध्ये, पहाटेच्या गारठ्यात बुंदी पाडता पाडता दादा खाली बसला होता. झारा हातात तसाच. अंगात तपकिरी स्वेटर. "जरा दम लागलाय, बसतो थोडा," म्हणाला. आम्ही म्हटलं, बसेल आणि उठेल. त्याच्यासाठी चहा करायला सांगितला. चहा आला तेव्हा दादा गेला होता. त्याच्यासारखंच माझं अंग, माझाही त्याच्यासारखाच घोरता घोरता अडकणारा श्वास. महानंदाची झोप उडाली होती ती तेव्हापासून.

गडबड ऐकून अव्वा बाहेर आली. आईला आम्ही अव्वा म्हणतो. "काय झालं गं?" तिनं विचारलं आणि महानंदानं काही सांगायच्या आत मीच सांगून टाकलं, "अव्वा, दादा आलाय. बुंदीला बोलवायला आलाय."

अव्वा जागच्या जागी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं; दोन चेहऱ्यांवरचं. मग ती आत गेली आणि मुठीत विभूती घेऊन आली. माझ्या कपाळाला, दंडांना, छातीला भस्म फासताना तिचे ओठ हलत होते.

तोवर नागनाथ टेम्पो घेऊन आला होता. "सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेऊ," महानंदा म्हणाली. "पुणं लांब पडेल."

अव्वा अंगणाच्या फाटकात आडवी झाली.

"कुठं न्यायचं न्हाई त्याला."

"अव्वा—"

"थोरला बोलवायला आलाय त्याला. बोलावणं आलेलं माणूस उंबऱ्याबाहेर काढत नसतात, पोरी. एक गेला माझा. ह्याला घरातच ठेव. दारं लाव. मठातल्या स्वामींना बोलवून आण."

नागनाथ माझ्या काखेत हात घालून उभा होता, त्याला काय करावं सुचेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी अव्वाचं सगळ्यांनाच पटलं असतं. मेलेल्या भावानं भरदुपारी येऊन, तो जिथं मेला तिथंच मला नेऊन उभं केलं होतं. याहून वेगळा अर्थ काय लावणार माणूस? महानंदालाही क्षणभर तेच वाटलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

पण ती पुढं झाली. अव्वाच्या मुठीवर तिनं आपला हात ठेवला.

"अव्वा, भस्म लावा. दोन्ही हातांनी लावा. पण गाडीत बसून लावा."

"आगं, तुला कळत कसं न्हाई—"

"थोरल्या भावजींच्या वेळी आपण वाट बघितली. बसतील, उठतील म्हणालो. चहा टाकला." महानंदानं अव्वाची मूठ सोडली नाही. "मी यांच्यासाठी आता चहा टाकणार नाही, अव्वा. बाजूला व्हा, नाहीतर चढा."

अव्वानं फाटक सोडलं. मग गुडघ्यावर हात दाबून ती टेम्पोत चढली.

मागं गोण्या आणि पातेली होती. त्यांच्यामध्ये गादी टाकून मला झोपवलं. उशाला अव्वा, पायाशी महानंदा. वाटेतलं वैराग गाव मागं पडलं तेव्हा मी मान वळवली तर मागच्या फळीवर दादा बसला होता, पाय बाहेर सोडून, लहानपणी बैलगाडीत बसायचा तसा. आता तो बोलत नव्हता. मी कुणाला सांगितलं नाही. पण मी कुठं बघतोय ते अव्वा बघत होती. तिची नजर माझ्यावरून त्या फळीवर जायची आणि पुन्हा माझ्यावर यायची. सोलापूर येईपर्यंत तिनं मुठीतलं भस्म सोडलं नाही.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुणच. अव्वानं त्यांना आल्या आल्या सांगितलं की ह्याला मेलेला भाऊ दिसतोय. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. महानंदाला विचारलं, "ऑपरेशन कशाचं झालंय? उलट्या किती दिवस आहेत? पोटात काय काय राहतंय?"

मग माझ्यासमोर पेन धरून म्हणाल्या, "मान न हलवता याच्याकडं बघा." पेन कडेला गेलं. माझे डोळे मध्येच अडकले आणि थरथरायला लागले.

"काल काय जेवलात, काका?"

"भाकरी," मी तडक उत्तर दिलं. "भाकरी आणि वांग्याचं भरीत. तुळजापूरला लग्न होतं, तिथं बुंदीही खाल्ली. दादानं वाढली."

मला ते पान समोर दिसत होतं. भरताच्या फोडणीचा वास येत होता. महानंदानं तोंडात पदर कोंबला आणि ती भिंतीकडं वळली.

"काल सलाईन लावलं होतं का? ग्लुकोजचं?"

"हो," महानंदा म्हणाली. "ताकद यावी म्हणून."

बाई एकदम वळल्या आणि नर्सला हाक मारली. "बी-वनचं इंजेक्शन आणा. लगेच. बाकी सगळं नंतर."

पुढं त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं, मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. ऑपरेशननंतर माझ्या पोटाची वाट एका जागी आवळली होती, म्हणून काही खाली उतरत नव्हतं. उलट्यांमुळं अंगातलं बी-वन हे जीवनसत्त्व पार संपलं. मेंदूचा गाडा त्यावर चालतो. ते संपलं की डोळे जातात, तोल जातो, मग आठवण जाते. त्यात नुसतं ग्लुकोज दिलं की उरलंसुरलंही झपाट्यानं संपतं.

"आणि भाऊ?" महानंदानं विचारलं.

"मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही," बाई म्हणाल्या. "तिथं तो जवळचं काहीतरी आणून ठेवतो. खोटं बोलत नसतो माणूस. त्याला ते खरंच घडलेलं असतं."

"आणखी दोन दिवस घरी राहिलो असतो तर?" हे मी विचारलं.

बाईंनी सलाईनची नळी नीट केली आणि म्हणाल्या, "आलात ना. आता पडून राहा."

डोळे लवकर सुधारले. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत एका महानंदाशेजारची दुसरी पुसट होत होत गेली. आवळलेली वाट दुर्बिणीनं रुंद केली, मग घास उतरू लागला. चालायला मात्र काठी लागली, ती वर्षभर सुटली नाही. ऑपरेशनपासून सोलापूरपर्यंतचा बराचसा काळ डोक्यातून गेला तो गेलाच. इथं जे सांगितलं त्यातलं पुष्कळ महानंदाच्या तोंडून ऐकलेलं आहे. दादाची दुपार तेवढी अजून लख्ख आठवते. त्याच्या स्वेटरचं खालचं बटण तुटलेलं होतं, तेसुद्धा.

आम्ही सोलापुरात असतानाच एका दुपारी महानंदा औषधं आणायला खाली गेली होती. अव्वा माझ्या कॉटजवळ स्टुलावर बसली होती. खिडकीतून ऊन आत येत होतं. बराच वेळ ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली.

"डाक्टरीणबाई म्हणत्यात त्यो आला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता, अव्वा."

"हं."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. ते लांब जाईपर्यंत ती थांबली.

"पर तुला दिसला."

"दिसला."

"बोलला."

"बोलला."

अव्वानं दाराकडं बघून घेतलं, कुणी येत नाही ना ते. मग स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि अगदी हळू विचारलं, "माझं काही विचारलं का रं त्यानं?"

दादाचा शब्द न् शब्द मला आठवत होता. भूक, कढई, बुंदी, काड्यापेटी. त्यात अव्वाचं नाव कुठंच नव्हतं.

"विचारलं की," मी म्हणालो. "आल्या आल्या आधी तेच विचारलं. अव्वाचे गुडघे कसे हायेत म्हणाला."

"मग? काय सांगितलंस तू?"

"बरे आहेत म्हणालो."

अव्वानं मान हलवली. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"बरं केलंस," ती म्हणाली. "उगं जिवाला घोर लागला असता त्याच्या."